मसाला नावाचा फोल्डर

घाटकोपर, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय जयू,

चालत्या मशीनला मेलं म्हणायचं, ही कुठली पद्धत गं? दिवाळीच्या आधीपासून आमच्या दुकानातल्या स्क्रीनवर एक पाटी येत होती आणि मी रोज ती बंद करत होते. इंग्रजीत काय लिहिलंय ते मला कळत नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना कोणाला विचारत बसू? मग विकी आला. आता आमचे कॉम्प्युटर तो बघतो, चाळिशीचा आहे, डोक्याने शांत आहे म्हणून माझ्याकडे टिकलाय. त्याने वाचून सांगितलं की विंडोज दहा संपलं. संपलं म्हणजे काय, दुधाची पिशवी आहे का? तर म्हणे चौदा ऑक्टोबरपासून कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलं, आता व्हायरस शिरला तर तुमचं तुम्ही निस्तरा. मग अकरा घाल म्हटलं. तर अकरा ह्या मशीनवर बसतच नाही, मशीन जुनं झालं. अरे, सकाळी बटण दाबलं की उठतं, दिवसभर छापतं, एक तक्रार नाही त्याची, आणि हे लांब बसून ठरवणार की हे जुनं! मी विकीला म्हटलं, उद्या मलाही असंच सांगतील, वनमालाबाई त्रेपन्नच्या झाल्या, ह्यांच्यावर नवीन काही बसत नाही.

हो, मीच. भटवाडीची वनमाला, तुझी वहिनी. पत्र फाडू नकोस. पाकिटावर दुकानाचं नाव मुद्दाम नाही घातलं, कारण ते बघून तू उघडलंच नसतंस आणि त्यात तुझी चूक नसती. तुझ्या भीमराजच्या बोरिवलीच्या दुकानाचा पत्ता नेटवर मिळाला. फोन नंबरही होता, पण फोनवर मी ओरडते, तू ठेवून देशील, आणि इथे तुझे दादा हाताच्या अंतरावर बसलेले असतात. हाताने लिहिलं तर माझं चौथीतलं अक्षर तुला लागायचं नाही. म्हणून टाइप करतेय. जयू, गेल्या गुरुवारी मला तुझं पत्र मिळालं. तेवीस वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाताचा कुकर दोनदा पाण्याशिवाय चढवला. एक गोष्ट मला तुझ्याकडूनच कळायला हवी, दुसऱ्या कोणाकडून ती कळणार नाही. पण आधी सगळं ओळीने सांगते, नाहीतर मी कागदावरसुद्धा ओरडायला लागेन.

ब्याण्णव साली ते पहिलं मशीन घरात आलं, तेव्हा माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि तू दहावी झालेली. तुझे दादा प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. प्रेसवाल्याने खिळे विकून टाकले, तर ह्यांनी जुनं मशीन उचलून आणलं आणि आपल्या दोघींना सांगितलं की ह्या कळा बायकांच्या बोटांना बऱ्या. स्वतः कधी हात लावला नाही. काळा स्क्रीन, त्यावर एक लुकलुकणारी रेघ, बाकी काही नाही. काय करायचं ते मशीन सांगणार नाही, आपणच सांगायचं, आणि तेही इंग्रजीत. डॉस म्हणायचे त्याला. मला तर वाटलं, हे शिकलेल्यांचं काम, मी परत पोळपाटाशी जाते. तू तेव्हा पुठ्ठ्यावर सगळ्या कळांचं चित्र काढलंस आणि बाणाने दाखवलंस, यादी बघायला ह्या तीन कळा, नक्कल करायला ह्या चार. मी अक्षरं वाचलीच नाहीत. बोटं कुठून कुठे न्यायची तेवढं पाठ केलं. मराठी उमटावी म्हणून आत एक वेगळं कार्ड बसवलं होतं, तेही गरम व्हायचं. आणि गणपतीच्या महिन्यात मी काय केलं आठवतं? मंडळाची सगळी पत्रकं उडवली. मशीनने एकदा विचारलं, नक्की ना? मला काय कळतंय काय विचारतंय ते, मी दाबलं हो. सगळं साफ. तुझी आई, सोनूबाई, हातात उलथणं घेऊन आल्या होत्या, आणि तू म्हणालीस, मी दाबलं. एवढीशी पोर तू, सगळ्या शिव्या स्वतःवर घेतल्यास. मी कोपऱ्यात उभी राहून फुंकणी पुसत होते.

मग खिडक्यांचं राज्य आलं. आधी डॉसमध्येच तीन कळा दाबून त्या उघडायला लागायच्या, मग पंचाण्णवचं आलं आणि मशीन उठायचं तेच खिडकीत. शिकलेली माणसं कुरकुरायची की चित्रं कशाला, पोरखेळ आहे. मला विचार! कागदाचं चित्र म्हणजे कागद. कपाटाचं चित्र म्हणजे कपाट. आणि तो कचऱ्याचा डबा! उडवलेलं त्यात पडून राहायचं, परत उचलता यायचं. ज्या कोणी तो डबा काढला त्याच्या घरात माझ्यासारखी एखादी बाई नक्की असणार. चौथी नापास बाई त्या दिवसापासून तुझ्या बरोबरीने बसायला लागली, एका खुर्चीवर अर्धी अर्धी.

आणि आपला मसाला. तो फोल्डर तूच काढलास, नाव मसाला ठेवलंस, म्हणजे दादा बघणार नाहीत. एकमेकींना काही सांगायचं असलं की त्यात लिहायचं, आणि लिहून झालं की सगळं निवडून त्याला इंग्रजी फॉन्ट द्यायचा. मराठीची एका क्षणात इंग्रजी अक्षरांची खिचडी. तुझे दादा डोकावायचे आणि म्हणायचे, मशीन बिघडलं वाटतं. आपण दोघी पदर तोंडात. तू परत फॉन्ट बदलून वाचायचीस. मला तेवढीही गरज नव्हती. ए बी सी डी मला आजही धड येत नाही, पण कोणतं अक्षर कोणत्या कळेवर आहे आणि ती कळ मराठीत काय उमटवते, हे माझ्या बोटांना पाठ. मी टेबलावर बोटं नाचवत वाचायचे. ‘आज आईने आमटीत मीठ दोनदा घातलंय, तू गप्प खा.’ ‘दादाचा पारा चढलाय, ऑर्डरचं उद्या विचार.’ असलं सगळं. जगात हे दोघींनाच वाचता येत होतं.

भीमराज अठ्ठ्याण्णवच्या विंडोजबरोबर आला. हायवेपलीकडच्या वस्तीतला, जालन्याकडचे लोक त्याचे, कपडे कडक इस्त्रीचे. निळा स्क्रीन यायचा ना, सगळं गोठवणारा, तेव्हा तू त्याला बोलवायचीस. पुढे पुढे निळा स्क्रीन जरा जास्तच यायला लागला. मला काय कळत नव्हतं? मी चहा टाकायला उठायचे आणि साखर हळू ढवळायचे. तुझे दादाही त्याला मानायचे, ‘हाताला काय अक्कल आहे’ म्हणायचे. पण मशीन दुरुस्त करायला चालतो तो माणूस जावई म्हणून चालत नाही, हे ह्या घराचं मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी तुला त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत मी भावाच्या मुलाच्या बारशाला मुलुंडला गेले. गुरुवारी गेले, रविवारी संध्याकाळी आले. त्यांच्याकडे फोन नव्हता. येऊन बघते तर तू घरात नाहीस. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. तुझे दादा म्हणाले, गेली, त्या भीमराजबरोबर गेली, आता तिचं नाव ह्या घरात नको. आणि त्याच दिवशी नवीन डिस्क बसलेली, एक्सपी नावाचं नवीन विंडोज बसलेलं. स्क्रीनवर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. मी रडत रडत मशीन चालू केलं, पहिल्यांदा मसाला शोधला. फोल्डरच नाही. पत्रिका होत्या, हँडबिलं होती, मसाला नव्हता. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, तिनेच उडवला असेल जाताना.

जयू, ते मी धरून बसले. तू लग्न केलंस त्याचा मला राग नव्हता. तू मला न सांगता गेलीस, आणि जाताना आपलं दोघींचं होतं नव्हतं तेही पुसून गेलीस, ह्याचा राग. सगळ्या भटवाडीत मी बोलले, नळावर, दळणाच्या लायनीत, जो विचारेल त्याला. जिला मी पाठीशी घातलं तिने मला शेणासारखं टाकलं, असं बोलले. नंतर किती विंडोज आली, प्रत्येकाला मी एकटीने तोंड दिलं. एक आलं होतं, ते ऊठसूट विचारायचं, करू का, खरंच करू का, तुझ्या आईसारखं. सात चांगलं होतं. आठमध्ये तर स्टार्टचं बटणच गायब, ते घालायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, माझ्या घराचा उंबरा काढून नेलास, आत जाऊ कुठून? प्रत्येक वेळी वाटायचं, जयू असती तर पुठ्ठ्यावर काढून दिलं असतं. आणि लगेच दात चावायचे. दोन हजार अकरा साली आई गेल्या, तेव्हा तू गल्लीच्या तोंडाशी उभी होतीस. भीमराज होता, तुझी लेक मानसी तुझा हात धरून होती. मी तुला बघितलं. तूही मला बघितलंस. मी तोंड फिरवलं आणि आत गेले. माझ्याकडे बघून तू पाऊल मागे घेतलंस, हे मला पाठ फिरवूनही कळलं होतं. सख्ख्या आईचं तोंड तुला बघू दिलं नाही मी.

आता गुरुवारचं. विकी म्हणाला, आंटी, सगळं नवीन ठिकाणी हलवतोय, जुनं कुठे काही असेल तर आत्ताच द्या. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात दोन जुने कीबोर्ड, मेलेला माउस आणि खाली तुझ्या दादांच्या प्रूफच्या कागदात गुंडाळलेली एक डिस्क. मी म्हटलं, ही बघ. वायर लावली, घरघरली आणि फिरली. तेवीस वर्षांनी! विकीने जुना फॉन्ट टाकला आणि पत्रिका पटापट उघडायला लागल्या. आणि खाली, जयू, मसाला. मी खुर्चीचा हात धरला. एकेक चिठ्ठी उघडत तो म्हणाला, ह्या सगळ्या करप्ट आहेत, इंग्लिश कचरा आलाय, उडवू का? मी त्याचं मनगट पकडलं. इतक्या जोरात की तो घाबरला. शेवटच्या फाइलवर तारीख होती शुक्रवार, आठ फेब्रुवारी. पहिली ओळ बघितली आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलली. ‘वहिनी’ निघालं. मी विकीला म्हटलं, बाहेर जा, चहा पी, मी बोलवेपर्यंत येऊ नकोस.

अर्धा तास लागला मला. तुझंच लिहिलेलं तुला सांगते, कारण तुला वाटत असेल मी तेव्हाच वाचलं. तू लिहिलं होतंस, ‘वहिनी, महिन्यापूर्वी नोटीस दिलीय, मंगळवारी बाराला, अकरा वाजता वांद्र्याच्या ऑफिसात लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. दोन भीमराजचे मित्र आहेत. तिसरी सही मला तुझी हवी. सही मीच तुला शिकवलीय, घाबरू नकोस, सावकाश कर. तू आलीस तर माझं माहेर माझ्याबरोबर आहे असं समजेन. नाही आलीस तर समजेन की तुलाही मी नकोय, आणि परत त्रास देणार नाही.’ त्याच्याखाली, ‘उद्या सकाळी दादाला सगळं सांगणार आहे. तुला मसाल्यात लिहून ठेवलंय हेही सांगेन, म्हणजे त्याला लपवाछपवी वाटणार नाही आणि तू आल्यावर तो तुला अडवणार नाही. मग मैत्रिणीकडे जाते. मंगळवारी ये.’

मंगळवारी अकरा वाजता मी काय करत होते, सांगू? ऑर्डरची जुनी वही काढून बघितलं. विक्रोळीच्या एका पार्टीची लग्नपत्रिका टाइप करत होते. हिरव्या टेकडीसमोर बसून दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण लिहीत होते, आणि तू वांद्र्याला जिन्याकडे बघत उभी होतीस. किती वेळ थांबलीस गं? तिसरी सही कोणाची घेतलीस? बाहेरच्या टायपिस्टची? चहावाल्याची? मला रात्रंदिवस तेच दिसतंय. तू मला सोडून गेली नाहीस. मीच आले नाही. आणि वर मी तुलाच बदनाम केलं.

नवीन मशीन मी घेतलं नाही. विकीने जुन्यावरच लिनक्स नावाचं घातलं. म्हणतो, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, फुकट आहे, जुन्या मशीनला नाही म्हणत नाही. बटणं सगळी इकडची तिकडे गेलीत, पण कळा त्याने माझ्या जुन्याच लावून दिल्या, हे पत्र त्याच्यावरच चाललंय. मसाला सांभाळून ठेवलाय, तीन ठिकाणी. तुझ्या दादांना ह्यातलं काही माहीत नाही. डिस्क मिळाली हे त्यांना सांगितलेलं नाही. चार दिवस मी त्यांच्या ताटात वाढते आणि त्यांच्या तोंडाकडे बघते. त्यांनी विचारलं, अंगात कणकण आहे का? मी म्हटलं, हो. तेहतीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले त्याच्याकडे मी अशी बघतेय जसं काही भाडेकरू आलाय.

कारण दोन गोष्टी आहेत आणि त्यातली कुठली खरी ते मला माहीत नाही. तेव्हा सगळेच एक्सपी घालत होते, सीझन होता, जुन्या डिस्कमध्ये जागा नव्हती, भीमराजला आता बोलवायचं नाही म्हणून त्यांनी दुसरा माणूस आणला आणि कामाचे दोन फोल्डर तेवढे घ्यायला सांगितले. असं असेल तर ते निर्दोष आहेत. किंवा तू शनिवारी सकाळी त्यांना सांगितलंस की वहिनीसाठी लिहून ठेवलंय, आणि रविवारी मी यायच्या आत त्यांनी ती डिस्कच काढून माळ्यावर टाकली. आणि वर माझ्या तोंडावर म्हणाले, तिनेच उडवला असेल. त्यांना विचारलं तर ते काय सांगतील ते मी कशावरून खरं मानू? पत्रात तू ‘सांगणार आहे’ लिहिलंयस. सांगितलंस का, हे पत्रात नाही. ते फक्त तुला माहीत आहे.

येत्या रविवारी, सोळा तारखेला, त्यांची साठी करायची ठरलीय. हॉल घेतलाय, गावाहून भाऊबंद येतायत, मला नवी साडी आणलीय, आणि मला त्यांच्या शेजारी पाटावर बसून सगळ्यांसमोर त्यांना हार घालायचाय. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी तू दादांना मसाल्याचं सांगितलंस की नाही सांगितलंस? हो की नाही, एवढंच. माझ्यावर रागाव, माझं तोंड बघू नकोस, आईच्या वेळचं माफ करू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण भावाला वाचवायला म्हणून खोटं लिहू नकोस, आणि माझा संसार मोडेल म्हणूनही नको. ‘नाही’ असेल तर मी हार घालीन आणि सोमवारी बोरिवलीला येऊन तुझ्या दारात उभी राहीन. ‘हो’ असेल तर मी पाटावर बसणार नाही, आणि का बसत नाही ते माईकवर सांगेन. पत्र कुरिअरने उद्या पोचेल. माझा मोबाइल नंबर सोबतच्या चिठ्ठीवर दिलाय, तो मी हातातच ठेवलाय. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर हवं, शनिवार चालणार नाही.

तुझीच,
वनमाला वहिनी